सव्वा डोळा

(जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातली एक्स-रेची खोली; फोटो काढणारा देवमन, समोर नत्थुजी आणि डोळ्याला मार लागलेली त्यांची बायको दुर्गाबाई.)

देवमन : …तर हा कागद जपून ठेवायचा. थेंब दिवसातून तीन वेळा, उजव्या डोळ्यात. आठ दिवसांनी एकदा दाखवून जायचं. झालं.

नत्थुजी : म्हंजे आता घरी जाचं?

देवमन : जायचं. लोखंडाची कपची डोळ्यात नाही, डोळ्याच्या मागं चरबीत रुतली आहे. तिला हात लावू नये, असं डॉक्टरसाहेबांनी लिहिलं आहे.

नत्थुजी : आयकलं का, सहदेवची माय? डोया वाचला तुहा. साहेब, चार दिवस माह्या घशाखाली भाकर उतरली नाई. घन माह्या हातात होता. लोहार बाजाराले गेलता, मी म्हंतलं वखराची पास बोथटली, धार आपनच ठोकून घेऊ. हिनं सांडशीत पास धरली, म्या घाव घातला, अन् कपची उडाली थे सीधी हिच्या डोयात. माह्या डोयात काहून नाई गेली?

दुर्गाबाई : तुमी डोये मिटून घाव घालता म्हनून.

नत्थुजी : पाहा साहेब, अशी बोलते. चाल, अचलपूरची बस चारले हाय.

दुर्गाबाई : थांबा वो जरा. साहेब, एक इचारू का? तुमी शेषरावच्या घरचे का?

नत्थुजी : काहीच्या बाही इचारतं. सरकारी मानूस हाय थे.

दुर्गाबाई : आमच्या गावचा शेषराव. बोलताबोलता शेवटचा शब्द असाच हळू सोडे, डोक्यावरचं ओझं खाली ठेवल्यावानी.

देवमन : शेषराव माझे वडील.

नत्थुजी : अरे. म्हंजे तू सुंदराबाईचा देवमन? मी आल्यापासून साहेब-साहेब करून राह्यलो, अन् तू सांगत नाई.

देवमन : तुम्ही विचारलं नाही.

दुर्गाबाई : अमरावतीच्या बोर्डिंगात गेला तवा याचा आवाज चिमनीवानी होता. आता बापाचा आला. लय बरं वाटलं रे आयकून. सुंदरा कशी हाय?

देवमन : माय बरी आहे. बाई, आज तुम्ही ओळखलं. काल का नाही ओळखलं?

दुर्गाबाई : काल कुठी भेटला तू मले?

देवमन : काल मी रजेवर होतो, पगारपत्रकावर सही करायला म्हणून आलो होतो. माझ्या जागी तुमचे फोटो भगवंतरावांनी काढले. नत्थुजी औषधाच्या खिडकीपाशी उभे होते, तुम्ही पडवीत बाकावर. मी समोरून आलो. दहा-बारा पावलांवर थांबलो, हात जोडले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहावं तसं. मग मी निघून गेलो.

दुर्गाबाई : म्या पाह्यलं तुह्याकडे?

देवमन : खोटं कशाला बोलू, मनाला लागलं. म्हटलं, आम्ही बुद्धाची दीक्षा घेऊन सात वर्षं झाली, पण बाईंच्या मनातली अढी काही जात नाही. माय पण हेच म्हणते. दीक्षेच्याच साली अचलपूरच्या बाजारात तुम्ही रस्त्याच्या पल्याड होत्या. मायनं हात वर केला, हसली. तुम्ही पदर सारखा केला नि चालू लागल्या. त्या दिवसापासून ती तुमच्या दारी आली नाही.

दुर्गाबाई : म्हनून नाई आली का ती? अन् मी सात वर्सं वाट पाहून राह्यली. मले वाटलं, पोरगं नोकरीले लागलं, आता तिले माही काय गरज. कापूस वेचाले दुसऱ्या बाया येत, मी तिची ओळ तशीच सोडून देत होती दोन वर्सं. इचार यायले.

नत्थुजी : सोडत होती. मी ओरडत होतो.

देवमन : मग हात वर केलेला दिसला कसा नाही? रस्ता तो केवढा, वीस पावलांचा.

नत्थुजी : गर्दी असन बाजारात. चाल वं, बस चुकन.

देवमन : काल पडवीत आमच्या दोघांच्या मधे कोणी नव्हतं, नत्थुजी. थांबा जरा. बाई, डावा डोळा तर चांगला आहे ना तुमचा? मी इथं दारापाशी उभा राहतो. उजव्यावर हात ठेवा. ही बोटं किती?

नत्थुजी : खॅक. खॅक. खॅक.

दुर्गाबाई : तीन.

देवमन : आता?

नत्थुजी : खॅक.

दुर्गाबाई : एक.

देवमन : नत्थुजी, बाहेर माठ आहे. पाणी पिऊन या.

नत्थुजी : मले तहान नाई.

देवमन : मग टोपी काढून तोंडावर धरा. घट्ट. हं. बाई, आता किती?

दुर्गाबाई : आता थे खोकले नाईत.

देवमन : टोपी काढा, नत्थुजी. काल डॉक्टरसाहेबांनी बोटं दाखवली तेव्हाही हेच केलं?

नत्थुजी : मंग काय करू? भर पडवीत वीस मानसं बसले होते. डावा डोया तर साबूत, तरी हिले तीन बोटं दिसत नाईत, हे साऱ्याईनं पाहावं का? हसले असते लोकं. हिची फजिती माह्यानं पाहवत नाई.

देवमन : तुमच्या खोकल्यावरून साहेबांनी कागदावर लिहिलं, नजर पक्की.

नत्थुजी : लिहिलं तर लिहिलं. दुखनं उजव्या डोयाचं हाय.

देवमन : त्याचंच सांगतो. इकडे या, हा फोटो पाहा. ही पांढरी तिळाएवढी दिसते ती कपची. आता यात डोळा दाखवा मला.

नत्थुजी : डोया तर दिसतच नाई. नुसती कवटी हाय.

देवमन : डोळा या फोटोत येत नाही. डोळा आम्ही कागदावर छापलेला आणतो. हा गोल, चोवीस मिलिमीटरचा. बहुतेक माणसांचा तेवढाच असतो. बुबुळापासून मोजलं तर कपची सव्वीसवर आहे. गोलाच्या बाहेर दोन. म्हणून लिहिलं, डोळ्याच्या मागं. पण ज्याला लहानपणापासून दूरचं दिसत नाही, त्याचा डोळा मागं लांबलेला असतो. पंचवीस, सत्तावीस, कधी तीससुद्धा.

नत्थुजी : मंग?

देवमन : बाईंचा सव्वीसच्या वर असेल, तर कपची डोळ्याच्या आतच आहे. आतलं लोखंड गंजते, नि तो गंज डोळा खातो. आज धुकं दिसते, सहा महिन्यांत काहीच दिसणार नाही.

नत्थुजी : साऱ्या दुनियेच्या डोयाईले तुमी एकच पायली लावता का रे?

देवमन : नजर पक्की असली की लावतो.

नत्थुजी : म्हंजे आंधी घन घातला म्या, अन् मंग खोकलो बी म्याच.

दुर्गाबाई : पुरे झालं. देवमन, खरं माप घेता येते का?

देवमन : येते. पण ते मशीन सांगत नाही, तुम्हाला सांगावं लागते. बसा इथंच. मी साहेबांना विचारून येतो. नत्थुजी, चारची बस आज विसरा.

*

देवमन : साहेब हो म्हणाले. खोकल्याचं सांगितलं तेव्हा हसले. बाई, हे साधं आहे, पण नीट ऐका. ही रीत पुस्तकातली आहे. आम्ही दोघांनी आधी एकमेकांवर करून पाहिली. वीस मिनिटं अंधारात बसायचं, डोळा अंधाराला सरावला पाहिजे. मग या शिशाच्या पत्र्याच्या फटीतून किरणांची पातळ पात तुमच्या कानाकडून डोळ्यात जाईल. ते किरण उजेडात कोणाला दिसत नाहीत. पण सरावलेल्या डोळ्याला त्यांचा निळसर गोल दिसतो.

दुर्गाबाई : त्या डोयात तर धुकं हाय.

देवमन : धुकं याच्या आड येत नाही. मी फट हळूहळू मागं सरकवीन, गोल लहान होत जाईल. मग ठिपका होईल, नि मग काहीच नाही. जिथं काहीच नाही, तिथं डोळ्याची मागची भिंत. पट्टीवरचा आकडा मी वाचीन. पण गोल कधी गेला, ते फक्त तुम्हाला कळणार.

दुर्गाबाई : तुले नाई दिसत?

देवमन : मला नाही, साहेबांना नाही, कोणालाच नाही. आता दिवा घालवतो. मी पलीकडच्या खोलीत फिल्म धुतो, हाक मारली तर ऐकू येईल. नत्थुजी, बसायचं असलं तर बसा. पण खोकायचं नाही.

नत्थुजी : नाई खोकत बापा.

*

दुर्गाबाई : हाय का तुमी अथी?

नत्थुजी : हाय ना. कुठी जातो.

दुर्गाबाई : आता तुमाले बी दिसत नाई, मले बी नाई.

नत्थुजी : बरोबरी झाली.

दुर्गाबाई : कवापासून मालूम हाय तुमाले?

नत्थुजी : काय?

दुर्गाबाई : काल तुमी तीन डाव खोकले, म्या तीन म्हंतलं. मंग दोन डाव खोकले, म्या दोन म्हंतलं. कालपासून मी एकच इचार करून राह्यली. सांगा सीधं.

नत्थुजी : लग्नाच्या तिसऱ्या दिवशी.

दुर्गाबाई : तिसऱ्या?

नत्थुजी : तू मायसंगं वावरात आली होती, डोक्यावर शिदोरी घेऊन. ज्वारीत बुजगावनं उभं होतं. त्याले आमच्या बाबाचं जुनं धोतर अन् पागोटं घातलं होतं. तू धुऱ्याच्या बांधावर थांबली, शिदोरी खाली ठेवली, पदर वढला, अन् त्याले वाकून नमस्कार केला.

दुर्गाबाई : खोटं.

नत्थुजी : अन् बाजूले सरकून उभी राह्यली, सासऱ्याले वाट द्याले. लय वेळ उभी होती. थे काही हालेना.

दुर्गाबाई : कोनी पाह्यलं?

नत्थुजी : म्या एकट्यानंच. माय माघं राह्यली होती.

दुर्गाबाई : मंग हसले काहून नाई?

नत्थुजी : हसू आलं होतं. पन तू परत एक डाव वाकली, काही चुकलं असन म्हनून. मंग नाई आलं. दुसऱ्या दिवशी थे बुजगावनं उपटून फेकलं म्या. त्या साली अर्धी ज्वारी पाखराईनं खाल्ली, बाबानं मले लय शिव्या घातल्या.

दुर्गाबाई : माह्या मायनं बजावलं होतं मले. दूरचं दिसत नाई हे कोनाजवळ बोलू नको, वापस धाडतीन. मोठ्या बहिनीचं असंच मोडलं होतं. मी खालीच पाहून चालत होती. लोकं म्हनत, नत्थूची बायको लय मर्यादेची.

नत्थुजी : म्हनत होते. मी बी म्हने, हो, हायच.

दुर्गाबाई : म्हंजे तुमी अंगनात येता तवा खोकता थे…

नत्थुजी : मंग काय, तीस वर्सं छातीत कफ होता माह्या?

दुर्गाबाई : अवो, तीस वर्सं तुमाले अडुळशाचा काढा पाजला म्या. दर थंडीत.

नत्थुजी : प्यालो ना.

दुर्गाबाई : कडू जहर असते थो.

नत्थुजी : हो. पन नाई म्हंतलं असतं तर खोकल्याचं कारन सांगा लागलं असतं. अन् बैलाईच्या गयात दोन-दोन घुंगरमाळा काहून बांधल्या असतीन? गावात साऱ्याईचे बैल एका माळेत चालतात.

दुर्गाबाई : मले वाटे तुमाले हौस हाय.

नत्थुजी : दुर्गे, तू रडून राह्यली का? डोयाले पानी चालते का इचारतो देवमनले.

दुर्गाबाई : बसा खाली. चालते. मले एकच वाईट वाटते. एवढं समजत होतं तर सांगा लागत होतं मले. तुमच्यापासून लपवता लपवता दमली मी.

नत्थुजी : चुकलं माह्यं. मी म्हंतलं, तू लपवतं तर लपवू देऊ.

*

देवमन : झाली वीस मिनिटं. बाई, हनुवटी या लाकडावर ठेवा. समोर पाहा, हलू नका. आता गोल दिसतो का?

दुर्गाबाई : हो, दिसते.

देवमन : केवढा?

दुर्गाबाई : चांगला मोठा हाय.

देवमन : बाई, मी मशीन अजून सुरू केलं नाही.

नत्थुजी : सहदेवची माय.

दुर्गाबाई : सवय हाय रे बाबा. कोनी इचारलं दिसते का, की तोंडातून हो निघूनच जाते.

देवमन : म्हणूनच आधी विचारलं. आज नाही दिसलं तर नाही म्हणा. नाही म्हटल्यानंच डोळा वाचायचा आहे. आता करतो सुरू. बोला.

दुर्गाबाई : नाई.

देवमन : आता?

दुर्गाबाई : नाई… थांब. हाय. बांगडीवानी. निळी.

नत्थुजी : खरंच दिसते का?

दुर्गाबाई : चूप बसा. लहान होऊन राह्यली. लहान पोरीची बांगडी… आता अंगठी… अंगठीच हाय अजून.

देवमन : घाई नाही. सरकवू?

दुर्गाबाई : सरकव. आता मोहरी… हाय… हाय… गेली.

देवमन : थांबा, वाचतो. पुन्हा एकदा करू. मी कुठून सुरू करतो ते सांगणार नाही.

दुर्गाबाई : कर. …नाई. …नाई. आली. मोठी हाय. …मोहरी. …गेली.

देवमन : आता शेवटचं.

दुर्गाबाई : …हाय. …हाय. देवमन, आता हाय का नाई, मले नक्की सांगता येत नाई.

देवमन : हेच पाहिजे. ‘नक्की सांगता येत नाही’ असं म्हणता आलं तुम्हाला. जरा मागं नेऊन परत आणतो. हं?

दुर्गाबाई : गेली. आता पक्की गेली.

देवमन : दिवा लावतो, डोळे मिटा.

नत्थुजी : किती झाले? सांग ना लौकर.

देवमन : अठ्ठावीस. अठ्ठावीस. साडेअठ्ठावीस.

नत्थुजी : अन् कपची सव्वीसवर.

देवमन : हो. आत आहे, काका. डोळ्याच्या आतच आहे.

नत्थुजी : मंग आमी चारच्या बसनं गेलो असतो तर…

देवमन : गेला नाहीत ना. आत्ताच साहेबांना आकडे दाखवतो. लोहचुंबकानं ओढून काढतात ती. चुंबक नागपूरहून आणावा लागेल नाही तर तुम्हाला तिथं पाठवावं लागेल, पण उशीर झालेला नाही. मावशी, तीन वेळा तुम्ही बोलल्या नि तिन्ही वेळा माप जुळलं. साहेबांचं नि माझं असं जुळलं नव्हतं.

दुर्गाबाई : जन्मात पहिल्यांदा कोनी मले इचारलं, अन् म्या जे दिसलं थेच सांगतलं.

नत्थुजी : एक सांग देवमन. चोवीसचा डोया अन् अठ्ठावीसचा डोया. हिच्या डोयात माल किती जास्त मावते?

देवमन : माल?

नत्थुजी : माप घेतलं तर भरती बी सांग.

देवमन : लांबीवरून काढता येते. साधारण डोळ्यात चहाचा चमचा नि थोडं वर, एवढं पाणी मावते. मावशींच्या डोळ्यात त्याच्या सव्वापट.

नत्थुजी : सव्वापट. आयकलं का? तुह्या मायनं तुले उगीच भेव घातला. मले सव्वा डोयाची बायको भेटली, अन् लोकं म्हनते थोडं कमी दिसते.

*

(तीन आठवड्यांनी. त्याच दवाखान्याची लांब पडवी. दुर्गाबाईंच्या डोळ्यावरची पट्टी सुटली आहे आणि नाकावर नवा चष्मा आहे. देवमन त्यांच्या बाकाशी उभा आहे.)

दुर्गाबाई : हे जड लागते नाकावर.

देवमन : लागेल थोडे दिवस. उजव्यानं किती दिसते?

दुर्गाबाई : धूसर हाय, पन हाय. साहेबानं नागपूरच्या चुंबकानं काढलेली कपची दाखवली बाटलीतली. एवढ्याशा तुकड्यासाठी एवढा तमाशा. डाव्यानं मातर… देवमन, त्या निंबाले पानं हायेत.

देवमन : असणारच.

दुर्गाबाई : तसं नाई रे. येगयेगळी पानं हायेत. मले वाटे झाड म्हंजे हिरवा ढीग असते. हे गेले कुठी?

देवमन : काका बस स्टँडवर गेले. मायला आणायला. तिला सगळं पत्रात लिहिलं होतं मी. बसली पहिल्या बसमध्ये. येतील एवढ्यात.

दुर्गाबाई : तथी टोकाले कोन हाय? पांढरी टोपी. एक खांदा खाली, एक वर. धोतराचा सोगा हातात धरून चालून राह्यले.

देवमन : कोण असतील?

दुर्गाबाई : असे चालतात का थे? तीस वर्सं झाले, मले मालूमच नोहतं. बदकावानी.

देवमन : आणि मागं?

दुर्गाबाई : माघं सुंदरा. केस पांढरे झाले रे तिचे. काहून थांबली ती? देवमन, हात वर नाई करत ती. तिले वाटते मले दिसत नाई.

देवमन : मग तुम्ही करा.

दुर्गाबाई : केला. …पाह्य, केला तिनं बी. हसून राह्यली. दात पडला का तिचा एक?

देवमन : दोन. काका पण थांबले. पाहा, छाती भरून घेतात.

दुर्गाबाई : अवो. नका खोकू. ओळखलं म्या.

नत्थुजी : तथून? चाळीस पावलं हायेत.

दुर्गाबाई : मोजत नका बसू. अगुदर तिले पुढं येऊ द्या. ये वं सुंदरा, बस माह्याजवळ. तुही ओळ ठेवली होती म्या, दोन वर्सं.

नत्थुजी : मंग आता माह्यं काम संपलं म्हना. आजपासून खोकनं बंद.

दुर्गाबाई : नका करू बंद. काढा करून ठेवत जाईन मी.